आईच्या हातची लंबी रोटी

शहरातल्या सदर बाजारात एका हॉटेलाबाहेर उपड्या मडक्यावर लंबी रोटी भाजत होते. तो खरपूस वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

कॉलेजात असताना एकदा प्रत्येकाने आपल्या घरचा पदार्थ आणायचा होता. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताणून केलेल्या रोट्या घेऊन आई स्वतः गावाहून, मौद्याहून आली. प्राध्यापिकाबाईंनी तिला गावात आमची वस्ती कुठली ते विचारलं आणि उत्तर ऐकताच म्हणाल्या, "हे टेबलाखाली ठेवा."

"काहून बाई? घरचंच त आणा म्हनलं तुम्ही!" आईने इतरांच्या पुरणपोळ्या सरकवून रोट्या मधोमध मांडल्या. "जेव गा, बाबू."

मी जेवलो. त्या कॉलेजाने मला शिकवलं, त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण टेबलाभोवती सगळी शिकलेली माणसं उभी होती, आणि एकानेही तुकडा मोडला नाही.