भोंगाबाईचा घसा

बांधकामावर मुकादम असलेल्या तिला सगळे भोंगाबाई म्हणत. मिक्सरची घरघर चालू असतानाही तिनं खालून हाक मारली की पाचव्या मजल्यावरच्या गवंड्याची थापी हातातच थांबायची. घरातही तोच आवाज. नवरा म्हणायचा, "अगं, मी इथंच आहे, शेजाऱ्यांना कशाला बोलावतेस?"

तो आवाज बसला. सिमेंटची धूळ, विड्या, ओरडणं. ज्याला जे सुचलं ते कारण त्यानं दिलं. मग घास गिळताना कानात कळ यायला लागली, मानेत गाठ हाताला लागली, तेव्हा नवरा आणि थोरला भाऊ तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. दुर्बीण घालून झाली, तुकडा तपासून झाला, स्कॅन झाला. निकालाच्या दिवशी दादा म्हणाला, "तू बाहेर बस, आम्ही बोलून येतो." परत येऊन त्यानं एवढंच सांगितलं, "गाठ आहे. काढून टाकतील."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर आली. स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथल्या भोकातून श्वास घ्यायचा, ताई. ते साफ कसं ठेवायचं, दाखवते."

"कसलं भोक?"

सिस्टर गडबडली. "स्वरयंत्र काढणार ना... सांगितलं नाही तुम्हाला?"

भोंगाबाई पलंगावरून उतरली ती थेट डॉक्टरांच्या खोलीत. मागून दादा आणि नवरा धावले. ओरडायला आवाज नव्हता, नुसता घोगरा वारा निघत होता, आणि त्यानं तिचं डोकं आणखीच फिरलं.

"घसा माझा, आणि सांगितलं कुणाला?"

"तू हाय खाल्ली असतीस," दादा म्हणाला.

"खायची का नाही ते मी बघेन. तू गप्प!"

डॉक्टर ओशाळले. "हे म्हणाले, तुम्हाला सगळं माहीत आहे. मी तुम्हालाच विचारायला हवं होतं." मग त्यांनी समजावलं. स्वरयंत्राचा कॅन्सर, तिसरी स्टेज. एक स्वरतंतू हलायचा थांबलाय, आजार मानेतल्या एका गाठीत गेलाय, त्यापुढे नाही. वाटा दोन. स्वरयंत्र काढणं, नाहीतर सात आठवडे रेडिएशन आणि सोबत केमो. त्यात आवाज वाचू शकतो, पण खात्री नाही. आजार उरला तर काढावंच लागेल. "यांना दोन्ही सांगितलं होतं."

"रोज कोण आणणार होतं तुला?" दादा पुटपुटला. "एकदा काढलं की सुटलो."

"कोण सुटलो? चालता हो!"

"मी आणेन," नवरा म्हणाला.

"तू तोंड शिवून बसलास! माझी मी येईन."

रेडिएशन सुरू झालं. तोंडामानेवर प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला घट्ट अडकवायचे. तिला वाटायचं, टेबलासकट उठावं आणि दादाच्या दारात जावं. मानेची कातडी भाजली, थुंकी गिळवेना, नाकातून नळी घालावी लागली. नवरा रोज दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहायचा. पाय लटपटायला लागले तसा तिनं त्याचा खांदा धरला, पण बजावून, "माफ केलं असं समजू नकोस."

पुढच्या तपासण्यांत आजार दिसला नाही. स्वरतंतू थोडा हलू लागला. विडी सुटली, आवाज फाटकाच राहिला. बांधकामावर ती आता शिट्टी वाजवते.

दादाचा फोन आला. "देवाची कृपा, आवाज वाचला."

"वाचला. तू तो कापायला दिला होतास," ती म्हणाली आणि फोन ठेवला.