आत्या आणि अनडूचं बटण

माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर माझी सख्खी आत्या शिकायला येऊन बसली, तेव्हाच मी वर्ग बदलून घ्यायला हवा होता. वय त्रेपन्न, चष्म्याला मागून दोरी आणि पर्समध्ये काडीएवढा बारीक ब्रश आणि रंगाची डबी. तीस वर्षं तिने बाबांच्या फोटो स्टुडिओत रिटचिंग केलं. म्हणजे बाबा फोटो काढायचे आणि आत्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून, ब्रशचं टोक जिभेला लावून, लोकांच्या फोटोंवरचे पांढरे ठिपके, ओरखडे आणि घड्या बुजवायची. मग स्टुडिओ बंद झाला. बाबांनी निवांत खुर्ची धरली, पण आत्याला घरात करमेना. कोपऱ्यावरच्या छापखान्याच्या मालकाने तिला सांगितलं, "बाई, तुमचा हात मला ठाऊक आहे. पण मला आता कॉम्प्युटरवर काम करणारं माणूस हवंय. कोर्स पास होऊन या, खुर्ची तुमची." झालं! ज्या डिझाइन कोर्सला मी नाव घातलं, त्याच कोर्सला आत्याने घातलं.

"तेवढंच तुझ्यावर लक्ष राहील," बाबा मला म्हणाले. कुणी कुणावर लक्ष ठेवायचं, ते पहिल्याच आठवड्यात कळलं.

आधी व्हेक्टर होतं. म्हणजे रेषांनी बनलेलं चित्र, कितीही मोठं केलं तरी कडा स्वच्छ राहणारं. सरांनी किटली काढायला दिली. पेन टूल घ्या, वळणाच्या दोन टोकांना दोन बिंदू ठेवा, मधली रेषा ओढून वाकवा. माझी किटली चौदा बिंदूंत झाली. आत्याच्या किटलीला तीनशे सहा बिंदू होते. मी मोजले नाहीत, कॉम्प्युटरनेच सांगितलं.

"आत्या, अगं दोन पुरतात."

"आणि मधे काय आहे?"

"मधे रेषा आहे!"

"ती या कॉम्प्युटरनं काढली. मी कुठे काढली?" असं म्हणून तिने तीनशे सातवा बिंदू ठेवला. मी कपाळाला हात लावला.

पण किटली परवडली. फोटो एडिटिंग सुरू झालं आणि माझ्या नाकी नऊ आले. सर दर पाच मिनिटांनी "चुकलं? अनडू करा" म्हणायचे, म्हणून आम्ही त्यांचं नावच अनडू सर ठेवलं होतं. एक बटण दाबलं की झालेली चूक झालीच नव्हती. सगळ्या वर्गाला ते पहिल्या दिवशी जमलं. आत्या ते बटण दाबायलाच तयार नव्हती. हात चुकून कुणाच्या गालावर काळा डाग पडला, की ही अर्धा तास त्या डागावर बारीक बारीक रंग चढवून तो निस्तरत बसायची.

"दाब ना गं ते बटण!"

"थांब. होतंय."

एकदा मीच हात लांब करून बटण दाबलं. डाग गेला. आत्या माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिच्या ताटातलं उचलून खाल्लं होतं.

घरी जाताना मी चिडून विचारलं, "त्या बटणाशी तुझं वैर काय आहे?" तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "लोक घरातला एकुलता एक फोटो आणून द्यायचे. हात हलला असता तर माणूस गेला असता. तीस वर्षं मी श्वास धरून काम केलं. आता म्हणतात, चुकलं तर चुकू दे, बटण आहे. मग मी इतकी वर्षं कशाला जपलं गं?" मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा मूळ फाईलवरच काम करून तीच सेव्ह केली आणि माझं वाईट वाटणं संपलं.

कारण परीक्षेचा नियम नेमका याच्या उलट होता. घरातला एक खराब झालेला फोटो स्कॅन करून दुरुस्त करायचा. मूळ फोटो तळाला तसाच ठेवायचा आणि प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या लेयरवर करायची, म्हणजे काचेवर काच ठेवावी तशी. काच उचलली की खालचं दिसलं पाहिजे. हे मी आत्याला किमान चाळीस वेळा सांगितलं. ती दर वेळी "हो, हो" म्हणाली.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. आत्याने बाबांच्या स्टुडिओच्या पहिल्या दिवसाचा फोटो दिला होता. दारात बाबा आणि ती, दोघं तरुण. ओल लागून त्यावर बुरशीचे ठिपके पडले होते, ते मी लहानपणापासून बघत आले. परीक्षकांनी फाईल उघडली. एकच लेयर. चकचकीत, निर्मळ फोटो.

"बाई, यात तुम्ही काय केलंय ते कळतच नाही."

आत्या लाजली! खरंच लाजली. तीस वर्षं याच वाक्यासाठी ती राबली होती. परीक्षकांनी मात्र शून्याकडे पेन वळवलं.

मी मधे पडले. "सर, मूळ फोटो खूप खराब होता. कागदावरचा बघा हवं तर. आत्या, दे ना मूळ फोटो."

आत्याने पर्समधून फोटो काढला. त्यावरही ठिपका नव्हता.

"अगं, हा असा कसा?"

"स्कॅन करायच्या आधी थोडा नीट केला," ती हळूच म्हणाली. "बुरशी लागलेला फोटो चारचौघांत कसा द्यायचा? म्हणून ब्रशने बुजवला. थोडंसंच राहिलं होतं, ते कॉम्प्युटरवर केलं."

हात टेकले मी. फोटो उजेडात तिरपा धरल्यावर रंगाचे, चकाकी नसलेले ठिपके परीक्षकांना दिसले, तेव्हा कुठे ते जरा नरमले. "हे ब्रशचं काम झालं. परीक्षा कॉम्प्युटरची आहे." मग त्यांनी खिशातल्या पाकिटातून दुमडलेला एक फोटो काढला. एक म्हातारे गृहस्थ, आणि बरोबर नाकावरून आडवी पांढरी घडी. "माझे वडील. एवढाच आहे. माझ्यासमोर करा. तासभर देतो. पास व्हायला चाळीस लागतात."

मला शेजारी बसू दिलं, तोंड न उघडण्याच्या अटीवर. ती अट पाळताना माझा जीव जायची वेळ आली. आत्याने फोटो स्कॅन केला, प्रत काढली, तळाच्या लेयरला नाव दिलं, 'मूळ, हात लावू नये'. वर 'घडी'. वर 'नाक'. वर 'मिशी'. मिशीवर तिचा हात घसरला आणि ओठावर काळा पट्टा उमटला. दहा मिनिटं उरली होती. निस्तरत बसली असती तर छापखान्याची खुर्ची गेलीच होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

"गेला," ती म्हणाली. "जसा काही नव्हताच." तिच्या आवाजात आनंदाचा लवलेश नव्हता.

परीक्षकांनी एकेक लेयर बंद करून, चालू करून पाहिला. एक्केचाळीस दिले. मला अठ्ठ्याहत्तर होते, पण अप्रूप या एक्केचाळीसचंच होतं. ते सगळ्या वर्गाच्या कागदांवर शिक्के मारायला खाली वाकले, मी पाण्याची बाटली शोधायला वळले, आणि परत बघते तो काय! आत्याने खिडकीशी जाऊन त्यांच्या वडिलांचा तो एकुलता एक फोटो समोर धरला होता, आणि ब्रश जिभेला लावला होता.

"आत्या! त्याला अनडू नाही!"

"म्हणून तर बोलू नकोस," ती म्हणाली आणि श्वास धरला.

परीक्षक उठून आले तोवर काम झालं होतं. त्यांनी फोटो हिसकावूनच घेतला. जवळ धरला, लांब धरला, घडी शोधली. तिरपा धरला तेव्हा कुठे ती पुसट दिसली. समोरून नुसते वडील होते.

"काय केलंय ते कळतच नाही," ते म्हणाले.

त्यांनी पाकीट उघडलं, मग मिटून खिशात टाकलं, आणि फोटो वहीच्या दोन पानांमध्ये सपाट ठेवला.