पिंपातली कॉफी आणि आमचे आबा

कुणी घरी आलं की विचारतं, "काय, कॉफी कशी आहे?" कॉफीचं सांगायला दोन मिनिटं लागतात. तिच्यापायी घरात जे घडतं ते सांगायला मात्र जेवणाची वेळ होते. कॉफी मोसमातच पिकते, किस्से बारमाही!

माझा नवरा सुहास याने सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, पोफळीच्या बागेत कॉफी लावली. नुसती लावली नाही, तर तो ती लाल फळं निळ्या पिंपात हवाबंद करून दिवसचे दिवस आंबवतो. झाकणातून एक नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली, आत गुडगुड चालू. यंदा आबांनी निर्वाणीचं सांगितलं, "ह्या मोसमात कोण कॉफी घेवक इलो नाय, तर झाडां काढून केळी लावतलंय." आबा बोलले की करतात. त्यामुळे वरून आम्ही कितीही हसलो तरी फाटक वाजलं की दोघंही धावत होतो.

*

पहिलं पिंप उघडलं आणि अंगणभर पिकल्या फणसाचा वास सुटला. भर थंडीत! शेजारचे बाबलकाका वासावर आले. आम्ही पिंप दाखवलं, फळं दाखवली, त्यांचा विश्वास बसेना. पडवी बघितली, माळा बघितला, जाताना पलंगाखालीही वाकून बघितलं. मग पायरीवर उभे राहून दुखावल्या आवाजात म्हणाले, "दोन गरे दिले असते तर काय झाला असता?"

अजून ते आमच्याकडे पूर्वीसारखे बसत नाहीत.

*

कॉफी चाखायची म्हणजे चमच्याने जोरात फुरका मारायचा, असं सुहास शिकून आला आहे. एकदा तोंडवलीच्या होमस्टेवरची चार माणसं बाग बघायला आली. सुहासने त्यांना ओळीने उभं केलं आणि पाचही जणांनी फुर्र, फुर्र सुरू केलं. सासूबाई आतून धावत आल्या. ती माणसं गेल्यावर लेकाला म्हणाल्या, "सोलकढी फुरकलंस म्हणान माझो मार खाल्लंस. आता लोकांका शिकवतंस?"

*

पिंपाला थंडी लागली की आतलं काम मंदावतं. म्हणून सुहासने माझ्या माहेरची गोधडी गुपचूप नेऊन पिंपाला गुंडाळली. मी सगळं घर शोधलं. शेवटी आबांनीच पत्ता दिला, "सुनबाय, तुझी सवत मागल्या पडवीत आसा."

*

मग पुण्याहून एका कॅफेचा मालक आला. त्याने काटा मांडला, पाणी मोजलं, डोळे मिटून घोट घेतला. म्हणाला, फणस लागतो, काळा गूळ लागतो, शेवटी जरा द्राक्ष. आबा चहाची बशी हातात घेऊन समोरच बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि कॉफी खंय लागता?"

मालक मनापासून हसला. जाताना म्हणाला, अशीच चव पुढच्या पिंपातून आली तर सगळी कॉफी माझी. सुहास आनंदाने नाचायचाच बाकी होता. झाडावर फळं उरली होती ती एका पिंपापुरतीच.

*

ते शेवटचं पिंप भरलं आणि त्याच संध्याकाळी ग्रामदेवाचा कौल आला. परवा गावपळण! असा कौल मिळाला की आमचा अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. मागे कुणी राहायचं नाही.

सुहासचा चेहरा पडला. पिंप आता उघडलं तर फळं अर्धवट आंबलेली, आणि तीन दिवस कुणी बघितलं नाही तर जास्त आंबून वाया. पण देवाच्या कामात पिंपाचं कसं बोलायचं? लोक हसले असते. तो रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. मला त्याची फार दया आली, पण मलाही काही सुचेना.

निघायच्या दिवशी गुरं पुढे गेली. टेम्पोत तांदूळ, भांडी, कोंबड्यांचा डालगा चढला. आबा शेवटचं दार ओढायला आत गेले ते येईनात. आम्ही जाऊन बघतो तर पिंपाला कान लावून उभे!

"आबा, राहू दे," सुहास म्हणाला. "गेलं तर गेलं. केळी लावा."

आबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "गुडगुडता हा. धर त्या बाजून."

दोघांनी पिंप उचलून टेम्पोत कोंबड्यांशेजारी ठेवलं. वेशीपर्यंत सुहास त्याला मिठी मारून बसला होता. वाटेत लोक हसले, बाबलकाका तर थांबून हसले. आबा समोर बघत राहिले.

वेशीवर गावचे मानकरी प्रत्येक घराला विचारत होते. आमची पाळी आली.

"घरात कोण रवला नाय मा?"

आबा टेम्पोतून उतरले, टोपी नीट केली आणि देवळाच्या दिशेने हात जोडून म्हणाले, "माणसां इली, गोरवां इली, कोंबयो इल्यो, कॉफी इली. मागे जिता काय रवूक नाय."