पायांचा खेळ

“सरनेम क्या है आपका?”

शाळेच्या मैदानावर, पाहुण्यांसमोर, डायरेक्टरांनी मला विचारलं. नऊ वर्षं मी दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या शाळेत खेळ शिकवते. माझं आडनाव त्यांना माहीत होतं. ते त्यांना इतरांना ऐकवायचं होतं.

मी सांगितलं.

त्या दिवशी शाळेत रग्बी सुरू होत होती. मी मुलींना फुटबॉल शिकवायचे त्याच गवतावर रग्बीचे उंच पांढरे खांब रोवले होते.

“फुटबॉल पैर का खेल है,” डायरेक्टर पाहुण्यांना म्हणाले. “मॅडम को सूट करता है. हमारे अच्छे घरों के बच्चे रग्बी खेलेंगे. उसमें हाथ लगता है, दिमाग़ लगता है.”

पाय. कोण कुणाच्या पायातून जन्मलं, हे तिथं सगळ्यांना पाठ होतं.

पाहुणे हसले. मीही हसले. माझ्या मागे बारा मुली बूट घालून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मैदानाच्या फाटकाला कुलूप. आम्हाला जनरेटरमागची सिमेंटची जागा मिळाली. तिसऱ्याच दिवशी एका मुलीचा गुडघा फुटला. मग स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून माझा नंबर गेला. मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं.

फरीदाबादला घरी बाबांना सांगितलं. अमरावतीहून दिल्लीत येऊन त्यांनी सरकारी ऑफिसात जन्म काढला. आर. के. पुरमच्या क्वार्टर्समध्ये मी लहान असताना क्रिकेटवाली मुलं मला फक्त बॉल आणायला पळवायची. तेव्हा फुटबॉल मला बाबांनीच आणून दिला होता.

त्यांनी एवढंच विचारलं, “तू हसलीस?”

“हो.”

मग म्हणाले, “मीही तीस वर्षं हसलो.”

ते वाक्य मला जेवढं लागलं, तेवढं डायरेक्टरांचंही लागलं नव्हतं.

सोमवारी केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. फुटबॉल माझ्याच विनंतीवरून बंद होत आहे, असं त्यात लिहिलेलं.

“साइन कर दो, बेटा.”

मी चाळीस वर्षांची आहे.

मी पेन घेतलं. कागद उलटा केला. मागे त्या दिवशीचं त्यांचं वाक्य शब्दन् शब्द लिहिलं. कुणासमोर म्हणाले तेही. खाली सही केली. आडनाव पूर्ण, ठळक. मोबाइलवर फोटो काढला.

डायरेक्टरांनी वाचलं. आवाज अजिबात चढवला नाही.

“फरीदाबाद से अकेली आती हो ना? सोच लो.”

तेव्हापासून रोज सुट्टीनंतर एक पांढरी गाडी मेट्रो स्टेशनपर्यंत माझ्यामागे येते. काच खाली होत नाही. मी नंबर लिहून घेतलाय. पोलिसांकडे अर्ज दिलाय. पोच घेतलीय.

मला भीती वाटते. खोटं कशाला सांगू.

पण राजीनामा मी देणार नाही. त्यांना मला काढावं लागेल. आणि का काढलं, ते त्यांना स्वतःच्या हातानं लिहावं लागेल.