कालव्याचा उतार

पेट्रोलचा भाव वाढत गेला तसे मामा गाडी जास्तीत जास्त बंद ठेवायला लागले. राहू गावाहून यवतला आम्ही एकाच गोदामात कामाला जायचो, मी त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून. कालव्याच्या पुलावरून उतार लागला की ते चावी फिरवून इंजिन बंद करायचे. मग हॉर्नही वाजायचा नाही. मामा तोंडानंच ओरडायचे, "गाडी आली, बाजूला व्हा." आणि मला म्हणायचे, "फुकाट पळती बघ." मी हसायचो.

एकदा गवताचा भारा घेऊन चाललेल्या म्हातारीला ती हाक ऐकूच गेली नाही. धक्का लागून ती पडली, हात मोडला. मामांनी तिला उचललं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "इंजानाचा आवाज आला आसता तर सरकले आसते, बाबा."

त्यानंतर मामा पुलावरच गाडीवरून खाली उतरायचे. इंजिन तरीही बंद करायचे आणि गाडी हातानं धरून उतार चालत उतरायचे. मागून मी.

हात बरा झाल्यावर म्हातारी पुन्हा त्या रस्त्यानं दिसायला लागली. आम्ही चालत असलो तरी ती लांबूनच रस्ता सोडायची आणि कडेच्या पाण्याच्या चारीत उतरून उभी राहायची. मामा टाकीच्या झाकणाकडं बघत पुढं जायचे. मीही.