कमी धरलेला पाऊस

धुळ्याच्या आमच्या ऑफिसात एक बाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. हवामानाचा अंदाज मोठ्या टापूचा असतो. तो एकेका नाल्यापुरता बसवून नदीला किती पाणी येईल, ते काढणं हे त्यांचं काम. आकडा भरण्याआधी त्या चष्मा पुसतात आणि स्वतःशीच म्हणतात, "बघू या." डोंगराकडचा अंदाज बहुतेक वेळा जास्तच निघायचा, म्हणून त्या तो थोडा कमी धरायच्या. ते बरोबरही ठरायचं.

गेल्या पावसाळ्यात एकदा मात्र अंदाजाइतकाच पाऊस कोसळला. आकडा नेहमीसारखा कमी धरलेला, म्हणून इशारा गेला नव्हता. नदीकाठी मेंढ्या घेऊन थांबलेला एक म्हातारा वाहून गेला.

चौकशीत त्यांची चूक निघाली नाही. तरी म्हाताऱ्याच्या घरी त्या गेल्याच. मी सोबत होतो.

"अक्का, पाऊस मी कमी धरला होता," म्हाताऱ्याच्या बायकोला त्या म्हणाल्या.

म्हातारी मायेनं म्हणाली, "पानी काय तुना हातमा शे का, माय?"

"पाणी नाही, पण आकडा माझ्या हातात होता ना," त्या पुटपुटल्या.

म्हातारीला ते कळलं नाही. तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.