फ्लेक्सवरची बाई पद्मा नाही

नवी पेठेत श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. त्यावरचा फोटो माझा आहे.

मी जिवंत आहे. परवा गेली ती पद्मा.

खाली लिहिलंय, 'सोलापूरची वाघीण, गोलकीपर पद्माताई'. वर ओळीनं पुढारी, हात जोडून. आणि मधोमध मी, दोन वेण्या घालून, हातमोजे चढवून.

फुटबॉल असोसिएशनच्या आत्ताच्या अध्यक्षांना फोन लावला. म्हणाले, "मॅडम, रेकॉर्डला गोलकीपरचा तेवढाच फोटो मिळाला. आता छापून झालंय. लोकांना काय कळतंय?"

लोकांना काय कळतंय!

मग ऐका. कळवतेच.

आणीबाणी उठली त्या सुमाराला आमचा मुलींचा फुटबॉल संघ देशभरातल्या संघांच्या लीगमध्ये खेळायचा. व्हय, सोलापूरचा. मोठ्या शहरांतल्या पोरी आम्हाला बघून "चादरवालियाँ आ गयीं" म्हणून हसायच्या.

पद्मा आमची गोलकीपर. घरी माग, घरात तेलुगू, आणि मैदानात अस्सल सोलापुरी शिव्या. मी, इंदू, तिच्यापुढे बॅकला.

त्या सीझनची शेवटची मॅच आपल्या पार्क मैदानावर होती. हरलो की लीगमधून बाहेर. आणि नेमकी त्याच सकाळी पद्माची हळद.

हळद लागली की नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही. आम्ही तिची आशाच सोडली होती.

आम्ही वॉर्मअप करतोय तर ही सायकलवरून उतरली. तोंड पिवळं, हात पिवळे, पाय पिवळे. तिच्या आईनंच तिला मागच्या दारानं सोडलं होतं.

"बघताय काय येड्यासारखं? चला की!"

थोड्या वेळात बॉलही पिवळा. समोरच्या कॅप्टननं तक्रार केली, हिनं हाताला कायतरी चिकट लावलंय. रेफरीनं बॉलचा वास घेतला. म्हणाला, "हळद आहे. खेळा."

मुरमाच्या मैदानावर ती गादीवर टाकावं तसं अंग टाकत होती. एकही गोल जाऊ दिला नाही तिनं. शून्य-शून्य.

आम्ही लीगमध्ये राहिलो. तिच्यामुळे. फक्त तिच्यामुळे.

पुढच्या सीझनला ती प्रॅक्टिसला आली, तर तेव्हाचे सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "लग्न झालेली बाई हाफपँटीत? उद्या तुझा नवरा आमच्या दारात भांडायला येईल."

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्यालाच घेऊन आली. यंत्रमागावर काम करणारा साधा माणूस.

"माजी काय हरकत न्हाय साहेब. लई चांगली खेळती की ती."

साहेब म्हणाले, "तुमची नसेल. आमची आहे."

झालं. विषय संपला.

अजून आठवलं की डोकं फिरतं माझं. आपण ऊठसूट सासरच्या नावानं बोटं मोडतो. इथं नवरा पाठीशी उभा होता हो! तिला घरी बसवलं ते ह्या इस्त्रीच्या कपड्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी.

पद्मानं हातमोजे माझ्या हातात कोंबले. मी नको म्हणाले, तर खेकसली, "नाटकं करू नको इंदे. गोल काय रिकामा ठेवणार हाय का?"

मी गोलकीपर नव्हतेच. धडाधड गोल खाल्ले. ती कुंपणाबाहेर उभी राहून ओरडायची, "डावीकडं बघ की गं!" तिला आत घेत नव्हते.

त्याच सीझनला संघाचे फोटो काढले. फ्लेक्सवर लावलाय तो त्यातलाच. त्यात पद्मा कुठून असणार?

लीगमधून बाहेर पडलो. साहेबांनी संघच मोडला. वर म्हणाले, "बायकांच्यानं होत नाही हे."

अरे, जिच्यानं होत होतं तिला तुम्हीच हाकललंत ना!

आयुष्यभर एक सत्कार नाही, एक फोन नाही. आणि आता मेल्यावर वाघीण. लाज वाटत नाही?

काल संध्याकाळी भाऊजी, म्हणजे पद्माचे मिस्टर, फ्लेक्ससमोर उभे दिसले. मला बघून म्हणाले, "ताई, तुमी जित्या असताना तुमचा फोटो असा टांगलेला बरा न्हाय. अपशकुन हाय. मी काढायला लावतो."

परवा बायको गेली, आणि ह्या माणसाला माझी काळजी. भर पेठेत रडले मी. रागानं रडले.

रात्री त्यांनी लग्नातला एक फोटो पोरीच्या हातून पाठवला. मॅचच्या दुसऱ्या दिवशी काढलेला. शालू, बाशिंग, हातभर बांगड्या. आणि दोन्ही कोपरं पार सोललेली, खपली धरलेली. बाकी सगळे गंभीर तोंड करून उभे आहेत. ही दात काढून हसतीय.

गोलकीपर पद्माचा एवढाच फोटो आहे जगात. खाली टाकलाय. मोठा करून बघा. कोपरं बघा तिची.

उद्या असोसिएशनची शोकसभा आहे. मला "दोन शब्द" बोलायला बोलावलंय. हा फोटो घेऊन जाणार आहे, आणि दोन शब्दांत आवरणार नाही.

पद्मे, तुझ्या संघाचा तुला शेवटचा नमस्कार.

तू निवांत जा. हितलं भांडण मी बघते.